अमावस्येची भट्टी

सरकारी कागदावर खोटं कसं बोलावं, हे कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत कुणाला शिकवावं लागत नाही; ते बाळकडूच असतं. पण केसावर खोटं बोलता येत नाही, हे ज्या वर्षी फाउंड्रीवाल्यांना कळलं, त्या वर्षी सगळ्यांचं धाबं दणाणलं. ही गोष्ट त्या वर्षाची.

गिरिजा बेनाडीकर तेव्हा अडतीस वर्षांची होती. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, उभी केलेली बेनाडीकर फाउंड्री ती तीन वर्षांपासून चालवत होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि पंपांचे, ट्रॅक्टरचे भाग काढायचे, असा धंदा. कामाला सत्तर माणसं, त्यांतल्या एकतीस बाया. त्या साच्यात पोकळी राखायला बसवायचे वाळूचे गाभे बनवायच्या आणि ओतलेल्या मालाच्या कडा घासायच्या. सगळ्यांत जुनी सगुणा कुरणे. गिरिजा लहानपणी शाळेतून थेट फाउंड्रीत यायची, तेव्हा तिला वाळूच्या ढिगाशी बसवून वाळूचे लाडू वळायला शिकवणारी बाई हीच. आता त्रेपन्नाव्या वर्षी चार शब्द बोलले की पाचव्यासाठी तिला थांबावं लागायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, की घरी प्राणवायूचं यंत्र मिळालं तर ही बाई पुष्कळ वर्षं काढेल, नाही मिळालं तर येता हिवाळा कठीण आहे.

यंत्र मिळायची सोय होती. सरकारची 'श्वासहक्क' नावाची योजना होती. तीन वर्षं धुराधुळीचं काम केलंय आणि अंगात त्या धुराचं ठरावीक ओझं साठलंय, एवढं सिद्ध झालं की यंत्र, औषधं आणि दरमहा निर्वाहवेतन मिळायचं. घोडं सिद्ध करण्यावर अडायचं. कामगार ठेकेदाराच्या नावावर, आणि ठेकेदाराचं नाव दर अकरा महिन्यांनी बदलतं. अठ्ठावीस वर्षं एकाच शेडमध्ये राबलेली सगुणा कागदावर कायम नवीनच होती. फाउंड्रीवाले दाखला देत नव्हते, कारण दाखला म्हणजे कबुली.

मग 'केशलेख' आलं. आपल्या डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. मुळाशी तो तयार होत असताना रक्तात जे फिरत असेल, मँगनीज, क्रोमियम, शिसं, त्याचा कणभर वाटा केसात अडकतो आणि तिथून हलत नाही. टाळूपासून तीन सेंटिमीटरवर तीन महिन्यांपूर्वीचा दिवस असतो, कमरेपाशी पाच-सहा वर्षांपूर्वीचा. केशलेख यंत्र केस स्वच्छ धुऊन ताणून धरतं, त्यावर लेसरचे टाचणीच्या टोकाहून बारीक चटके देत पुढे सरकतं आणि प्रत्येक चटक्याच्या वाफेत कोणता धातू किती आहे ते मोजतं. शेजारशेजारचे दिवस एकमेकांत थोडे मिसळलेले असतात, ते संगणक सोडवून देतो. एका लांब केसातून बाईचं पाच वर्षांचं रोजचं हवापाणी बाहेर येतं.

मात्र केस एवढंच सांगतो, की ही बाई कुठल्यातरी भट्टीपाशी होती. कुठल्या, ते मालकाच्या कपाटात असतं. भट्टीत एका वेळी वितळवलेल्या लोखंडाला 'हीट' म्हणतात. प्रत्येक हीटला भंगार वेगळं, म्हणून धातूंचं प्रमाण वेगळं. ओतण्याआधी ते तपासून हीट रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेलं असतं. केसातले दिवस आणि रजिस्टरमधले दिवस एकमेकांशी जुळले, की काम सिद्ध. फाउंड्रीवाल्यांच्या संघटनेनं तातडीनं बैठक घेतली आणि ठराव केला: रजिस्टर कुणीही द्यायचं नाही.

गिरिजा त्या बैठकीत शेवटच्या रांगेत होती. अध्यक्ष बाबूराव नेजकर ठराव वाचून खाली बसले, तशी ती उठली.

"माझा हात मोजू नका," ती म्हणाली. "मी रजिस्टर देणार आहे."

"अगं, पोरी, पायावर धोंडा पाडून घेतीयास," नेजकर म्हणाले. ते तिच्या वडिलांचे मित्र होते आणि तिला अजून फ्रॉकमधलीच समजत होते. "उद्या कायम कामगार म्हणून उभ्या राहतील तुझ्या दारात."

"अठ्ठावीस वर्षं माझ्या दारातच उभ्या आहेत, काका. मीच बघितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी तिनं पाच वर्षांची रजिस्टरं दवाखान्यात नेऊन दिली. एकतीस बायांनी वेणीतून केस उपटून दिले. गिरिजाला स्वतःचं फार कौतुक वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. आपण काहीतरी धाडसाचं केलंय असं वाटत होतं तिला, आणि धाडस असं सकाळच्या चहाआधी उरकता येतं याचा आनंदही.

दीड महिन्यानं निकाल आला. एकतीसच्या एकतीस अर्ज नामंजूर. काम सिद्ध झालं होतं, रजिस्टर केसाशी जुळलं होतं, पण अंगावरच्या धुराचं ओझं मर्यादेपेक्षा कमी भरलं होतं.

"कमी?" गिरिजानं कागद उलटसुलट करून पाहिला. तिची विजेची भट्टी स्वच्छ होती, धूर ओढून घेणारे पंखे होते, हे खरं. पण मग सगुणाची छाती कशानं भरली?

ती सगुणाला गाडीत घालून दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. केशलेखचं काम पाहणारे डॉ. सौरभ दिवाण तरुण होते, सज्जन होते आणि बायकांशी बोलताना टेबलाकडे बघत होते. त्यांनी पडद्यावर सगुणाच्या केसाचा आलेख काढला. एक शांत, सपाट रेघ.

"ही सुधारलेली रेघ," ते म्हणाले. "मूळ रेघेत काही... नैसर्गिक चढउतार होते. ते प्रोग्राम काढून टाकतो."

"मूळ दाखवा."

मूळ रेघ आली आणि गिरिजा पुढे सरकली. दर सेंटिमीटरला, म्हणजे दर महिन्याला, रेघ एकदम वर उसळत होती. शिसं, जस्त, मँगनीज, सगळं एकाच ठिकाणी.

"हे काय आहे?"

दिवाणांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "एकोणतीस-तीस दिवसांचं चक्र आहे. फक्त बायकांच्या केसात दिसतं. तुमच्याकडच्या पुरुषांचेही नमुने घेतले, त्यांच्यात नाही. म्हणजे उघड आहे, की मासिक... त्या काळात शरीरातल्या धातूंचं प्रमाण हलतं. प्रोग्राम राज्यभर असाच चालतो. बायकांचे मासिक कळस तो धरत नाही."

सगुणा इतका वेळ खुर्चीत दम गोळा करत बसली होती. ती हसायला लागली. हसता हसता खोकली, खोकून झाल्यावर डोळे पुसले.

"डाक्टर," ती म्हणाली, "माझी पाळी जाऊन... सात वर्सं झाली. ही कुणाची मोजलासा?"

दिवाणांनी बाजू सावरायचा प्रयत्न केला. एकीचा अपवाद असू शकतो, हार्मोनचं चक्र मागे रेंगाळतं असंही कुठंतरी लिहिलंय, असं काहीबाही. गिरिजानं त्यांना बाकीच्या तीस जणींच्या मूळ रेघा काढायला लावल्या. सगळ्यांचे कळस एकाच तारखांना होते.

"एकत्र काम करणाऱ्या बायकांच्या तारखा जुळतात, असं म्हणतात," दिवाण क्षीणपणे म्हणाले.

"एकतीस जणींच्या? पाच वर्षं? बिनचूक?" गिरिजा म्हणाली. "अहो, आमच्या शेडमध्ये दोघींची जेवायची वेळ जुळत नाही."

तारखा तिनं कागदावर उतरवून घेतल्या. ऑफिसात येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरशी लावल्या. पहिली तारीख बघितली, दुसरी बघितली, तिसरीला तिचं बोट कॅलेंडरवर तसंच राहिलं. प्रत्येक कळस अमावस्येचा होता.

आता अमावस्येचं सांगायला हवं. बेनाडीकर फाउंड्रीत अमावस्येला भट्टी पेटत नाही, हे अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. आप्पांनी पहिल्या दिवसापासून पाळलेला नेम होता तो. सगळ्यांना सुट्टी. फक्त मागच्या अंगाला पत्र्याच्या आडोशात जी आप्पांची पहिली, कोळशाची जुनी भट्टी होती, तिची त्या दिवशी आप्पा स्वतः पूजा करायचे. नारळ फोडायचे आणि ती पूजेपुरती पेटवायचे. धुराड्यातून धूर निघालेला दिसला की येणारेजाणारे हात जोडायचे. गिरिजा बाहेरगावच्या ग्राहकांना हे अभिमानानं सांगायची, आमच्या आप्पांची श्रद्धा फार, म्हणून. त्या दिवशी ती स्वतः कधी फाउंड्रीत गेली नव्हती. सुट्टीच्या दिवशी जायचं कशाला?

आज ती मागच्या अंगाला गेली. आडोशाला कुलूप होतं. पत्र्याच्या फटीतून आत पाहिलं. पूजेच्या भट्टीशेजारी गंजलेल्या पत्र्यांचा, रंग चढलेल्या पाइपांचा आणि बॅटऱ्यांच्या शिश्याच्या तुकड्यांचा ढीग होता. पलीकडे ओतून ठेवलेली जाडजूड वजनं, लिफ्टला लावतात तसली. त्या वजनांच्या लोखंडात काय काय आहे, हे कुणी तपासत नाही. फक्त वजन भरलं म्हणजे झालं.

सगुणा मागून हळूहळू येऊन उभी राहिली होती.

"कधीपासून?" गिरिजानं विचारलं.

"अठरा वर्सं झाली. तवा आर्डरी... बंद पडल्या होत्या. आप्पा म्हणाले, सुट्टीदिवशी कोन तपासायला येत न्हाई. गडी येईनात. अमुशाला भट्टीला हात लावत न्हाईत ते." ती थांबली, श्वास घेतला. "गड्यास्नी अमुशाचं भ्या. आमास्नी चुलीचं. आमी आलो."

"सगळ्याजणी?"

"सगळ्या. भंगार टाकायचं, कोळसा टाकायचा, ओतायचं बी आमीच. आप्पा दारात हुबं ऱ्हायचे. गडी मानूस म्हटलं तर... तेवढंच."

"मला का नाही सांगितलंत?"

सगुणानं तिच्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता त्या पाहण्यात, आश्चर्य होतं. "मालकीण तुमी. आमास्नी वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

गिरिजाला यापेक्षा थोबाडीत बसलेली परवडली असती. धाडस केल्याचं सगळं कौतुक एका वाक्यात उतरलं. तिला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपाठोपाठ संताप आला. तो मात्र टिकला.

आप्पा घरी झोपाळ्यावर पान जमवत बसले होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, ताठ, कानाकडे वळवलेल्या पांढऱ्याशुभ्र मिशा. त्या मिशांना कात्री लागलेली कोल्हापुरात कुणी पाहिली नव्हती. गिरिजानं तारखांचा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, चुना लावला, पान तोंडात टाकलं.

"त्या लोखंडावर तुझं इंजिनिअरिंग झालं," ते म्हणाले. "त्या वजनांवर फाउंड्री तगली. न्हाईतर आज तुला मालकीण म्हणायला जागा नव्हती."

"आणि त्यांच्या छात्या?"

"धूर मीबी खाल्ला. मला काय झालं?"

"तुम्ही दारात उभे होता, आप्पा."

आप्पांनी झोपाळ्याला पायानं रेटा दिला. कड्या करकरल्या.

संध्याकाळी बाबूराव नेजकर आले, संघटनेच्या वकिलाला घेऊन. बातमी वसाहतीत पोचायला किती वेळ लागतो? वकिलांकडे तोडगा तयार होता. गिरिजानं अपील करावं, खुशाल करावं. मालकाच्या जबाबात फक्त खरं तेच लिहावं: अमावस्येच्या कामाची मला माहिती नव्हती, त्या दिवशी तिथं पूजा असते एवढंच मला ठाऊक होतं.

"खरंच आहे ना हे?" वकील म्हणाले. "तुम्हाला माहिती नव्हती. तुम्ही सुटता, आप्पा सुटतात, फाउंड्री वाचते."

"आणि बाया?"

"पूजेला आलेली बाई कामगार धरत नाहीत, मॅडम. तिथला धूर योजनेत बसत नाही."

गिरिजाला तोडग्याची मेख कळली. तिला खोटं बोलायला कुणी सांगतच नव्हतं. अर्धं खरं बोल आणि घरी जा, एवढंच सांगत होते. त्या अर्ध्या खऱ्यानं सगुणाचं यंत्र जाणार होतं.

"चहा घ्या आणि निघा," ती म्हणाली.

नेजकर जाता जाता जोड्यात पाय घालत पुटपुटले, "तुझ्या एकटीपायी सगळ्यांच्या भट्ट्या थंड होतील."

दुसऱ्या दिवशी डॉ. दिवाणांचा फोन आला. सगुणाचं ते एक वाक्य त्यांना झोपू देत नव्हतं, असं दिसलं. त्यांनी सरळ सांगितलं, की प्रोग्राम चुकीचा आहे असं त्यांना आता वाटतंय, पण नुसतं वाटून अपिलात चालणार नाही. तोच धूर घेतलेला एक पुरुष हवा. त्याच्या केसात तेच कळस दिसले, तर मासिक पाळीचा सिद्धांत उभाच राहू शकत नाही.

"अमावस्येला तिथं एकच पुरुष असायचा," गिरिजा म्हणाली. "आणि त्याच्या डोक्यावर टक्कल आहे."

"बाकी कुठे केस?" दिवाणांनी विचारलं. "निदान दहा सेंटिमीटर हवा. दहाएक महिन्यांचे कळस तरी दिसतील."

गिरिजानं फोन ठेवला. मग उठून आप्पांपाशी गेली आणि सरळ मागितलं.

"मिशी?" आप्पांचा झोपाळा थांबला. "बापाची मिशी मागतीयास? चावडीवर नाक घासायला लाव की त्यापेक्षा."

"चावडी नाही. प्रयोगशाळा आहे."

"जा इथनं."

ती गेली नाही. पण आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले, म्हणजे पुढे बोलण्यात हशील नव्हतं. गिरिजानं शेडमधल्या पारूला फोनवर काय झालं ते सांगितलं. सकाळ अशीच गेली. दुपारच्या सुमारास खालून फाटक वाजलं. घर टेकाडावर, रस्त्यापासून बावीस पायऱ्या. गिरिजानं गॅलरीतून पाहिलं तर सगुणा चढत होती. चार पायऱ्या चढायची, कठड्याला धरून उभी राहायची, पुन्हा चार. मागे पारू आणि आणखी दोघी होत्या, पण ती कुणाला हात धरू देत नव्हती. गिरिजा धावत खाली निघाली, तर सगुणानं तिलाही हातानंच थांबवलं.

आप्पाही आता वळून झोपाळ्यावरून सगळं बघत होते. बावीस पायऱ्यांना सगुणाला पाव तास लागला. त्या पाव तासात आप्पांनी पायऱ्यांवरून नजर हलवली नाही, हे गिरिजानं पाहिलं.

सगुणा वर आली. खुर्चीत बसली नाही. आप्पांसमोर उभं राहून श्वास जमेपर्यंत थांबली. घरात तिच्या छातीची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

"आप्पा," ती म्हणाली. "मिशी परत येती. फुफ्फुस... परत येतंय व्हय?"

आप्पांचा हात नकळत मिशीकडे गेला.

"तुमी सांगितलासा, आमी केलो. कुणाला बोल लावत न्हाई. पोटासाठी केलो. पर आता त्यो कोण डाक्टर म्हणतोय... त्यो आमचा इटाळ हाय." तिचा आवाज चिरकला. "अठरा वर्सं भट्टीत घातली... आनि सरकार म्हणतंय, ह्यो बाईचा इटाळ. हे मी न्हाई ऐकून घेनार. तुमी गडी हाईसा. तुमीच सांगा त्यास्नी... इटाळ कुणाचा ते."

ती वळली आणि पायऱ्या उतरायला लागली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

ती फाटकापाशी पोचली, तसे आप्पा उठले. मग आत गेले. न्हाणीघरातून कात्रीचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांचा वरचा ओठ लहान मुलासारखा उघडा होता आणि तळहातावर रुमालाची घडी होती. ती गिरिजाच्या हातात देताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"पुडी हरवू नको," एवढंच म्हणाले.

अपिलाची सुनावणी दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर झाली. अधिकारी तडवी बाई मूळ जळगावकडच्या, कमी बोलणाऱ्या. समोर दिवाण, एका बाजूला गिरिजा, मागे बाकड्यांवर एकतीस बाया. दारापाशी नेजकर आणि वकील, निमंत्रण नसताना.

दिवाणांनी पडद्यावर दोन रेघा लावल्या. वरची सगुणाची, खालची नाव नसलेली. दोन्ही एकाच दिवशी उसळत होत्या, एकाच दिवशी बसत होत्या. अकरा अमावस्या, अकरा कळस.

"खालच्या बाईचं वय?" तडवी बाईंनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर," दिवाण म्हणाले. या वेळी ते टेबलाकडे बघत नव्हते. "आणि त्या बाई नाहीत. ही मिशी आहे."

बाकड्यांवरून हसू फुटलं. पारू पदरात तोंड घालून हसली. तडवी बाईंनी चष्मा काढून पुसला, पण त्यांच्याही गालाला खळी पडली होती.

"चूक माझी आहे," दिवाण पुढे म्हणाले. "पुरुषांच्या केसात नाही, म्हणजे बायकांच्या शरीरातलं असणार, असं धरून चाललो. बायका वेगळं काम करत असतील, हे डोक्यातच आलं नाही. हा प्रोग्राम राज्यभर चालतो. बायकांचे नऊ हजारांवर अर्ज यात नामंजूर झालेत. ते सगळे पुन्हा तपासावेत, असं मी आज लेखी दिलंय."

दारापाशी नेजकरांचा चेहरा पडला. नऊ हजारांत त्यांच्या बाया किती, याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू झाला असणार.

तडवी बाईंनी सगुणाचा कागद पुढे ओढला. "आता मालकाचा जबाब. अमावस्येची हीट रजिस्टरमध्ये नाही, म्हणून हे काम कुणाचं होतं, कुणासाठी होतं, हे मालकानं लिहून द्यायचंय. बाई, विचार करून लिहा. काम तुमचं म्हणालात, तर परवानगीशिवाय भट्टी चालवली, बायांना विषारी धुरात घातलं, हेही तुमचंच. मला कागद पुढे पाठवावा लागेल. टाळं लागू शकतं."

वकील दोन पावलं पुढे आले. "माहिती नव्हती एवढंच लिहा, मॅडम," ते हळूच म्हणाले.

गिरिजानं मागे वळून पाहिलं. आदल्या दिवशी तिनं एकतीस जणींना जेवणाच्या सुट्टीत बसवून सगळं सांगितलं होतं. टाळं लागेल, कामं जातील, महिनाभर किंवा सहा महिने, मला ठाऊक नाही. त्यांनी आपापसात बोलायला तिलाच शेडबाहेर काढलं होतं. अर्ध्या तासानं पारू निरोप घेऊन आली होती: लिवा म्हणत्यात सगळ्या.

तिनं पेन उचललं. मोठ्या अक्षरात लिहिलं: 'हे काम माझ्या फाउंड्रीचं होतं. पूजा नव्हती, काम होतं. सगुणा कुरणे अठ्ठावीस वर्षं आमच्याकडे कामाला आहेत. गिरिजा बेनाडीकर, मालक.' तीन वर्षांत पहिल्यांदाच त्या शेवटच्या शब्दावर आपला हक्क आहे असं तिला वाटलं.

नेजकर मोठ्यानं म्हणाले, "बापाची मिशी घालवलीस आणि आता आमची घालवतीयास."

"तुमची नको, काका," गिरिजा वळली नाही. "तुमच्या बायांचे केस पुरतील."

तडवी बाईंनी शिक्का मारला. सगुणाचा अर्ज मंजूर. आठवड्याच्या आत यंत्र घरी पोचेल, असं त्यांनी सांगितलं आणि जरा मऊ आवाजात म्हणाल्या, "मालकिणीचे आभार माना, बाई. असं कुणी लिहून देत नाही."

सगुणा उठून टेबलापाशी आली. शिक्क्याची शाई वाळली का ते बोटानं पाहिलं. कागदाची घडी घालून पोलक्यात ठेवली.

"आभार कशाचं?" ती म्हणाली. "राबलो मी. धूर गिळला मी. तिनं लिवलं... ते खरं हाय, म्हणून लिवलं. ह्याचं आभार मानायचं... तर मग माझं कोन मानणार?"

गिरिजाला वाईट वाटेल म्हणून दिवाण तिच्याकडे बघत होते. तिला वाईट वाटलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं जे कुणी सगुणाला दिलं नाही, ते ती आज स्वतःच टेबलावर मागत होती, आणि ते मागणं ऐकायला गिरिजाला फार बरं वाटत होतं. ती खुर्चीतून उठली आणि उभ्यानंच म्हणाली, "मी मानते, सगुणामावशी. आणि माफीही मागते. आप्पांची त्यांची ते मागतील. ही माझी."

सगुणानं मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते कळलं नाही.

"अजून तीस कागद आहेत," तडवी बाईंनी गठ्ठा दाखवला. "प्रत्येकीसाठी वेगळा जबाब लागतो. आणि सांगून ठेवते, प्रत्येक जबाबाचा गुन्हा वेगळा धरला जाईल."

"धरा," गिरिजा म्हणाली.

"हात दुखला तर सांगा," सगुणा बाकड्याकडे परतत म्हणाली. "आमी थांबतो."

"कुणी थांबायचं नाही." गिरिजानं पुढचा कागद ओढला, पेन झटकलं आणि दारापर्यंत, दारापलीकडच्या जिन्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "पार्वती बाळू साठे! पुढे या. किती वर्षं झाली तुम्हाला माझ्याकडे?"